नालवाडीची निळी पँट

इंदू गेली त्या सकाळी मी पवनारला आमच्या घरासमोर दूधवाल्याशी भांडत होतो. दुधात पाणी किती असावं यावर आमचं दर पंधरवड्याला एक भांडण ठरलेलं असतं. तेवढ्यात फोन वाजला. तिच्या भावाची मुलगी, सुनीता. "काका, आत्या गेली... आत्ताच. चहा घेतला, कप खाली ठेवला, अन् बसल्या बसल्याच..." मी "बरं" म्हणालो. का म्हणालो देव जाणे! माणूस गेल्यावर कुणी "बरं" म्हणतं का? मग दूधवाल्याला म्हणालो, "जा बाबा, जसं असंन तसं देत जा," आणि तसाच चप्पल घालून नालवाडीला निघालो. बसमध्ये दोनदा उठून उभा राहिलो, स्टॉप यायच्या कितीतरी आधी. कंडक्टर म्हणाला, "बसा ना काका, नालवाडी कुठं पळून नाई जात."

पाचव्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. नालवाडी येथील लेडीज टेलर इंदूताई यांचे निधन, ब्लाऊज शिवण्यात त्यांचा हातखंडा होता. लेडीज टेलर! ब्लाऊज! मी पेपर आपटला तो नेमका चहाच्या कपावर. बायको म्हणाली, "पेपरवर काऊन राग काढून राह्यले? त्याले कोनं जे सांगितलं तेच छापलं त्यानं." खरं आहे. ज्याला माहीत आहे तोच तोंड शिवून बसला तर लोक दुसरं काय छापणार? आणि इंदूच्या बाबतीत ज्याला माहीत होतं, आणि जो एकदा ऐन वेळी गप्प बसला, असा माणूस मी आहे. म्हणून आज लिहायला बसलो. इंदू ब्लाऊजवाली नव्हती, पँटवाली होती. आमच्या भागात निळी जीनपँट शिवणारी ती पहिली बाई. पहिलीच कशावरून, असा ज्याला वाद घालायचा असेल त्यानं पवनारला यावं, मी घरीच असतो.

इंदू माझी मावसबहीण. माझ्याहून सात महिन्यांनी मोठी, आणि हे सात महिने तिनं मला जन्मभर ऐकवले. तिचे वडील, आमचे मावसाजी, नालवाडीला भाजीपाला पिकवत. वांगी, भेदरं म्हणजे टमाटे, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं पहाटे सायकलला टोपल्या बांधून वर्ध्याच्या बाजारात. उरलेल्या दोन एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कापूस. अंगावर कायम खादी. आमच्याकडे तेव्हा निम्म्या घरांत चरखा चालायचा आणि उरलेल्या निम्म्या घरांत तो चालतो असं पाहुण्यांना सांगायची पद्धत होती. मावसाजींचा खरोखर चालायचा. त्यांची एकच अट असे, पोरीनं रिकामं बसू नये. म्हणून मॅट्रिकनंतर इंदूला महिला मंडळाच्या शिवणवर्गात घातली. तिथं झबली, मग पेटीकोट, मग ब्लाऊज. पुस्तकात पुढं एक धडा होता पँटचा. शिकवणाऱ्या बाईंनी ती चार पानं एकदम उलटली आणि म्हणाल्या, ते मास्तर लोकांचं काम.

ही गोष्ट आता सांगितली तर कुणाला पटत नाही, पण तेव्हा असंच होतं. पँट शिवणारा तो 'मास्तर', त्याचं दुकान रस्त्यावर, गळ्यात टेप, समोर आरसा. बाईनं शिवायचं ते घरी, ओसरीवर, शेजारणींचं. इंदू एका मास्तरकडे कटिंग शिकायला गेली होती, मीच सायकलवर डबलसीट नेलं होतं. मास्तरनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाला, "पोरी, पँट हे बाईमानसाचं काम नोहे. गिऱ्हाइकाचं आसन कोन मोजन, तू?" दुकानात बसलेले सगळे खदाखदा हसले. मीही थोडा हसलो, लपवत कशाला.  परत आल्यावर इंदू घराच्या फाटकापाशी सायकलवरून उडी मारून म्हणाली, "परभ्या, मी आता पँटच शिवन. अन् साधी नाई, ते गान्यातली."

गाण्यातली म्हणजे काय ते सांगतो. तिच्या मशीनशेजारी खिडकीत एक ट्रान्झिस्टर असे, एरिअलला ब्लाऊजच्या कापडाची चिंधी बांधलेली. दुपारभर तो चालू. आणि त्या वर्षांत गाण्यांना निळ्या जीनपँटीचं काय वेड लागलं होतं कोण जाणे! शॉर्टवेव्हवर खरखरत येणारी इंग्रजी गाणी लावली की तीन-चार गाण्यांमागे एकात तरी ती हमखास. इंदूला इंग्रजी येत नव्हतं, पण तेवढे दोन शब्द तिनं कानात पक्के बसवले होते. ते ऐकू आले की ती मशीन थांबवायची आणि मला हाक मारायची, कारण मी कॉलेजात बी. ए. करत होतो. माझं इंग्रजी म्हणजे बोलाचीच कढी! पण अर्थ सांगताना मी मागे हटत नसे. "यात एक पोट्टा निळी पँट घालून घर सोडून चालला." "यात पोरीची पँट धुवून धुवून आभाळाच्या रंगाची झाली." "यात त्याच्या मागच्या खिशात तिची चिठ्ठी हाय अन् हा बसला धुवाले टाकून." मला त्यात प्रेम दिसायचं, विरह दिसायचा. इंदूला पँट दिसायची. "चिठ्ठी मावते म्हनजे खिसा खोल पाह्यजे, एक वीत तरी," ती वहीत लिहून घ्यायची. "गुडघ्यावर फाटली म्हनते, पन शिवनीवर उसवली असं कोनीच नाई म्हनत. म्हनजे शिलाई दुहेरी हाय." अशी ती शिकली. तिला धडा शिकवायला ना बाई तयार होत्या ना मास्तर, तर तिनं गाण्यांनाच मास्तर केलं.

हिंदी-मराठी गाण्यांवर मात्र ती चिडायची. आपल्या गाण्यांत तेव्हा जीन घालणारी पोरगी म्हणजे वाया गेलेली. पहिल्या कडव्यात ती पँट घालून शिट्टी वाजवणार आणि शेवटच्या कडव्यात तिला कुणीतरी साडी नेसवून डोक्यावर पदर देणार. "तिकडल्या गान्यात पँट घालून मानूस निंघून जाते, अन् आपल्याकडल्या गान्यात पँट काढून घरात येते," इंदू म्हणायची. आणि मग एके दिवशी वही मिटत तिनं मला विचारलं, "काऊन रे, इतकी गानी ऐकली आपन. कोनाची फाटली, कोनाची फिकी पडली, कोनाले घट्ट झाली, सारं हाय. शिवली कोनं, हे एकाही गान्यात काऊन नाई?" मी हसण्यावारी नेलं. तिनं मात्र वहीत शेवटी एक नवा रकाना आखला, 'शिवणारा', आणि प्रत्येक गाण्यापुढे लिहायला सुरुवात केली: नाई, नाई, नाई.

त्याच सुमारास आमचा ऑर्केस्ट्रा सुरू झाला. सहा जण होतो, एक ढोलक, एक बुलबुलतरंग, एक उसनं अकॉर्डियन, आणि मी मुख्य गायक. मॅनेजर आणि निवेदक गजूभाऊ, तोंडात पान आणि हातात माइक असला की त्यांना जगात कुणाची भीती नसे. सगळ्यांचं म्हणणं पडलं की मुख्य गायकाला निळी जीनपँट पाहिजे. नागपूरला मिळते म्हणे, पण तिची किंमत ऐकूनच आम्ही खाली बसलो. इंदू म्हणाली, "मी शिवून देतो." तिकडच्या बायका बोलताना असं 'देतो' म्हणतात, पुणेकरांनी चूक काढू नये.

आता माप कसं घ्यायचं? मी मावसभाऊ असलो तरी तरुण पोरीनं तरुण पोराच्या कमरेला टेप लावायचा नाही, मावशीनं बजावलं. शेवटी मावसाजींनी माप घ्यायचं ठरलं. इंदू भिंतीकडे तोंड करून वही घेऊन उभी, आणि मावसाजी माझ्याभोवती फिरताहेत. त्यांना टेपवरचे आकडे दिसत नव्हते, म्हणून त्यांनी टेप फेकला आणि सरळ विती-बोटांनी मोजायला लागले. "लांबी पाच वीत अन् तीन बोटं! आसन तीन वीत, दोन बोटं कमी!" इंदूनं नंतर त्यांची वीत पट्टीनं मोजून सगळं इंचांत बसवलं. त्या पँटीत मी बसलो, उठलो, नाचलो, माप कुठं म्हणून चुकलं नव्हतं.

चुकला तो रंग. आणि ती चूक आमच्यासारख्यांच्याच हातून व्हावी अशी होती. जाड निळं कापड आणायचं कुठून? मावसाजींनी घरच्या सुताचं, गादीच्या खोळीसाठी विणून आणलेलं जाडंभरडं खादीचं कापड दिलं. निळं कसं करायचं? आमच्या गावात पांढरं नेसणाऱ्यांची घरं, प्रत्येक घरात धोतरं-टोप्या चकचकीत करायला निळीच्या पुड्या. कापड निळं करायचं तर नीळ टाकावी, सरळ हिशेब! बारा पुड्या एका घंगाळात. पँट वाळून दोरीवर लटकली तेव्हा अशी देखणी दिसत होती की मी दोरीखालीच उभं राहून गाणं म्हटलं.

पवनारच्या शारदोत्सवात पहिला कार्यक्रम. ऑक्टोबरचा उकाडा, वर चार मोठे बल्ब. दुसऱ्या गाण्याला पाय ओले झाले, तिसऱ्याला पायांना काहीतरी चिकटल्यासारखं वाटू लागलं, चौथ्या गाण्यानंतर मी स्टेजवरच्या पांढऱ्या गादीवर दम घ्यायला बसलो. उठलो तेव्हा गादीवर माझ्या बैठकीचा निळाशार छाप! कुणाच्या लक्षात यायच्या आत प्रमुख पाहुणे, गावातले एक वयस्कर खादीधारी गुरुजी, सत्कारासाठी वर आले आणि नेमके त्या छापावर टेकले. ते भाषणाला उठले आणि लोकांकडे पाठ करून त्यांनी शारदेला नमस्कार केला... पुढचं सांगायला नको. गुरुजींना शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपल्या भाषणात विनोद फार चांगले झाले. घरी येऊन पँट काढली तर कमरेपासून खाली मी सबंध निळा. आईनं तीन दिवस मला अंथरुणावर झोपू दिलं नाही.

इंदू हसली नाही. ती माझे पाय बघत होती, खाली वाकून, जणू माझे पाय म्हणजे नापास झालेली उत्तरपत्रिका. "गरम पान्यात पाय धू," एवढं म्हणाली आणि पँट घेऊन गेली. मग सुरू झालं तिचं खरं काम. नाकानं कांदे सोलणारी माणसं गावोगाव असतात, तशी आमच्याकडचीही म्हणाली, "झालं ना हसं? ब्लाऊज शिव मुकाट्यानं."  आर्वीकडचा एक म्हातारा रंगारी इंदूनं शोधून काढला, मावसाजींना सोबत घेऊन तीनदा बसनं गेली. पक्का निळा कसा चढतो, कापड किती वेळा बुडवायचं, किती वेळा वाऱ्यावर धरायचं, सगळं शिकून आली. कापडाचे हातभर तुकडे रंगवायचे, रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायचे, सकाळी मावसाजींच्या पांढऱ्या पंच्यावर घासून बघायचे. मावसाजी म्हणायचे, "पोरी, माहा एक तरी पंचा पांढरा राहू दे!" त्यात जाड कापडावर सुया तुटायच्या. शिलाई मशीनची सुई चालेना, तेव्हा ती पोळ्याला बैलांच्या झुली शिवणाऱ्याकडे गेली, त्याचा जाड दोरा आणि सुई घेऊन आली, आणि आसनाची शिवण चक्क हातानं टाके घालून पुरी केली. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मी म्हणालो, "जाऊ दे इंदे, बेलबॉटम घालून गाईन मी." ती म्हणाली, "तू काहीही घाल. मले हे शिवाचीच हाय."

आठ महिने लागले. पँट झाली ती काय सांगू! आसनाला दुहेरी शिलाई, मागचे खिसे एक वीत खोल, आणि रंग असा पक्का की मावसाजींनी स्वतः पंच्यावर घासून बघितला आणि पंचा सगळ्यांना उलटा-पालटा करून दाखवला. मला इतका आनंद झाला की मी त्या पँटीवर गाणंच लिहिलं, आपल्या वऱ्हाडीत.

पऱ्हाटीच्या बोंडातून निंघाली पँट निळी,
मी घालून निंघालो तं जमली सारी मंडळी...

दोन कडवी ऐकून इंदू म्हणाली, "कापूस आपला, सूत आपलं, गानंबी आपलं. आता तिसरं कडवं कर. त्यात सांग का शिवली कोनं." आधी मला वाटलं थट्टा करतेय. पण तिचा चेहरा बघितला आणि कळलं की मास्तरच्या दुकानातून परत आल्यापासून ती याच एका गोष्टीसाठी शिवत होती. लोकांसमोर, माइकवर, एकदा कळलं पाहिजे की ही पँट बाईनं शिवली, नालवाडीच्या इंदूनं. एकदा ते कळलं की तिला रस्त्यावर दुकान टाकता येणार होतं, गिऱ्हाईक येणार होतं, मास्तर लोकांची तोंडं बंद होणार होती. मी तिसरं कडवं लिहिलं. तिला म्हणून दाखवलं. तिनं वही काढली आणि 'शिवणारा' या रकान्यात पहिल्यांदा 'नाई'ऐवजी आपलं नाव लिहिलं.

वर्ध्याच्या मैदानावरचा कार्यक्रम आमच्यासाठी फार मोठा होता. मैदान गच्च. तिसऱ्या रांगेत मावशी, मावसाजी आणि इंदू, नव्या साडीत. तो इंदूला हाकलणारा मास्तरही कुठंतरी होता, मला दिसला होता. मी स्टेजवर आलो आणि पँट बघून पोरांनी अशा शिट्ट्या मारल्या की गजूभाऊंचं पान गिळलं गेलं. पडद्याआड त्यांनी मला गाठलं. "हे पाह्य परभाकर, बाईनं शिवली म्हनशीन तं हे सारे हासतीन. आत्ता हिरो दिसून राह्यला, मंग जोकर दिसशीन. मुंबईची हाय म्हन." मी म्हणालो, "पन मी तिले..." ते म्हणाले, "तिले काय, घरची हाय. समजून घेईन." आणि लगेच माइकवर जाऊन, सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "का हो हिरो, ही पँट आणली कुठून?"

आज इतक्या वर्षांनी मी गजूभाऊंवर ढकलू शकतो. ते हयात नाहीत, बिचारे उलटून बोलणारही नाहीत. पण तोंड माझं होतं. मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं, शिट्ट्या मारणाऱ्या पोरांकडे बघितलं, आणि म्हणालो, "मुंबईहून!" टाळ्या पडल्या. मग गाणं म्हटलं. दोन कडवी झाली, वाजवणारे तिसऱ्यासाठी थांबले, ढोलकवाला माझ्याकडे बघतोय... मी हातानं खूण केली, संपव. संपवलं. मी भ्यालो होतो, दुसरं काही कारण नाही. लोक हसतील म्हणून मी माझ्या बहिणीची आठ महिन्यांची मेहनत मुंबईला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नालवाडीला गेलो ते शिव्या खायच्या तयारीनं. इंदू वांग्यांना पाणी देत होती. मला बघून पाणी वळतं केलं, हात पुसले. "नाचताना गुडघ्यात धरली तं नाई?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "नाई." "चेन?" "बराबर होती." मग म्हणाली, "पँट आन." मला वाटलं आता ही उसवून टाकणार, आणि खरं सांगतो, मला बरंच वाटलं असतं. मी पँट दिली. ती मशीनवर बसली. तासाभरानं पँट माझ्या हातात ठेवली. मागं, उजव्या खिशाच्या वर, बाहेरच्या बाजूला, पांढऱ्या खादीची तीन बोटं रुंद पट्टी, आणि तीवर लाल दोऱ्यानं भरलेलं: इंदू, नालवाडी.

"इंदे, त्याचं असं झालं..." मी सुरू केलं.

"गानं तुह्यं हाय," ती म्हणाली. "त्यात काय ठेवाचं, काय काढाचं, ते तू ठरव. पँट माही हाय."

एवढंच. ना रडली, ना भांडली, ना आठवडाभर अबोला. त्यानंतर तिनं शिवलेल्या प्रत्येक पँटीवर ती पट्टी लागली. मी पुढचे कितीतरी कार्यक्रम तीच पँट घालून केले. गाताना लोकांकडे पाठ होणार नाही याची मी जिवापाड काळजी घ्यायचो, पण मागं बसलेले वाजवणारे सबंध कार्यक्रमभर ती पट्टी वाचत असायचे. ढोलकवाला मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "वा इंदू, वा नालवाडी!" मग पोरं स्टेजमागे यायला लागली. कोन हाय ही इंदू? कुठं राह्यते? मी पत्ता सांगायचो. माइक नसला की मी फार खरं बोलायचो!

शेवटी तिनं रस्त्यावर दुकान टाकलं, पाटी स्वतः शिडीवर चढून लावली. वर्ध्याच्या मास्तरांनी तिचं नाव 'पँटवाली' पाडलं होतं, टिंगल म्हणून. तिनं पाटीवर तेच रंगवून घेतलं, 'इंदू पँटवाली'. आणि गंमत बघा, ज्या मापाच्या नावाखाली तिला मास्तरनं हाकलली होती, त्याच मापानं तिचं दुकान चाललं. ऐंशी सालाच्या पुढं कॉलेजातल्या, मेडिकलच्या होस्टेलवरच्या पोरी सायकलींवर यायला लागल्या. गाण्यांत पोरीही आता जीन घालून मोकळ्या फिरत होत्या, पण पुरुष मास्तरसमोर कमरेचं माप द्यायला कोणती पोरगी उभी राहणार? त्या इंदूकडे यायच्या. आत पडदा ओढून ती माप घ्यायची, आणि काही बापांनी दुकानात येऊन आरडाओरडा केला तेव्हा कात्री हातात घेऊन बाहेर यायची. एका बापाला म्हणाली, "तुमच्या पोरीनं कापूस वेचला तं चालते, सूत कातलं तं चालते. मंग घातला तं काऊन नाई चालत?" तो बाप दोन महिन्यांनी स्वतःसाठी पँट शिवायला आला. लग्न तिनं केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "फुरसत नाई."

मग कॅसेटी आल्या, आमचा ऑर्केस्ट्रा मोडला, मला कचेरीत नोकरी लागली. इंदूनं दुकानाच्या मागची खोली वाढवली आणि तिथं पोरींना शिवण शिकवायला लागली, पहिल्या दिवसापासून पँट. आमचं येणं-जाणं तसंच राहिलं. दिवाळीला ती यायची, पोळ्याला मी जायचो, माझ्या मुलीच्या लग्नात चार दिवस आधी येऊन सगळं घर तिनं अंगावर घेतलं. त्या मैदानाचा विषय मात्र तिनं कधी काढला नाही. आणि मी? माफी मागायची तर आधी गोष्ट काढावी लागते ना... एकदा, मावशीच्या तेरवीला, सगळे गेल्यावर मी ओसरीवर धीर केला. "इंदे, त्या दिवशी मैदानावर मी..." ती उठलीच. "नळाले पानी आलं वाटते, थांब," म्हणून आत गेली, आणि बाहेर आली ती दोन बादल्या भरूनच. मीही एक बादली उचलून आत नेऊन ठेवली. पुन्हा विषय काढला नाही.

तिच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सुनीतानं शिवणवर्गाच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. पन्नासेक बायका असतील, वीस वर्षांच्या आणि पन्नाशीच्या, सगळ्या इंदूच्या हाताखाली शिकलेल्या. मशीन भिंतीला सरकवून सतरंज्या घातल्या होत्या. आज बोलायचंच, असं मी ठरवून गेलो होतो, पेपरातल्या त्या चार ओळी खिशात घेऊन. पण माझ्याआधी वंदना उठली. सावंगीला तिचं स्वतःचं दुकान आहे, हाताखाली सहा जणी आहेत.

"ताई पहिल्या दिवशी मशीनले हात लावू नाई देत," वंदना सांगू लागली. "पहिल्या दिवशी गोष्ट सांगे. एक गानारा होता. त्याले ताईनं पँट शिवून दिली. त्यानं सांगितलं होतं का गान्यात तुह्यं नाव घेईन. अन् ऐन टायमाले तो बोलला, मुंबईहून आणली." बायका माना हलवत होत्या, सगळ्यांना पाठ होती. "ताई म्हने, राग नाई धराचा पोरीहो. नाव मांगाचंबी नाई. नाव शिवून टाकाचं. आमी दर साली इचारो, ताई, कोन होता तो? ताई म्हने, नाव नाई सांगत, जा! भेकड होता, पन गोड गाये. अन् आपला होता."

 चाळीसेक वर्षं, दरवर्षी, नव्या पोरींना, ही गोष्ट... आणि एकदाही माझं नाव नाही. मी तिचं नाव घेतलं नाही ते भीतीनं. तिनं माझं घेतलं नाही ते मायेनं. मी तिथं बसून रडलो, अगदी आवाज करून, बायकांनी वळून बघितलं तरी.

मग उठलो.  "तो मी," म्हणालो. "मी प्रभाकर, पवनारचा, तिचा मावसभाऊ. पँट इंदूनं शिवली होती. मुंबईहून आणली नव्हती. मी खोटं बोललो."

 मला वाटलं आता ह्या पन्नास जणी मला हाकलणार, आणि हाकलावंच. वंदना उठली, कोपऱ्यातली एक खुर्ची ओढून माझ्यापुढं ठेवली. "बसा काका," म्हणाली. "आता पुरी सांगा. ताईनं आमाले अर्धीच सांगितली होती." मी बसलो आणि पहिल्यापासून सांगितली, मास्तरच्या दुकानात मी हसलो होतो तिथपासून.

वर्ग आता वंदना चालवते, आठवड्यातून दोन दिवस सावंगीहून येते. नव्या पोरींना पहिल्या दिवशी गोष्ट सांगायची ती माझ्या नावासकट, गावासकट, असं मी तिला बजावून ठेवलं आहे. ती आधी नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. परवा नालवाडीच्या स्टॉपवर बसची वाट बघत उभा होतो. वर्गातून सुटलेल्या दोन पोरी, हातात टेप आणि कापडाच्या पिशव्या, माझ्याकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. एक म्हणाली, "तेच का व?" दुसरी म्हणाली, "हळू बोल ना!" मी पुढं गेलो आणि म्हणालो, "मोठ्यानं बोला पोरीहो. तोच मी."